लोहकणांकित मूलपेशी : सुरक्षिततेचा विचार आणि वैद्यांनी घ्यावयाचा बोध

विषयप्रवेश

गेल्या काही वर्षांत वैद्यांच्या चिकित्सालयात दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. संधिगत वाताचा, पक्षाघाताचा किंवा स्वमग्न बालकाचा नातलग विचारतो, "वैद्यराज, स्टेम सेलचे उपचार करून घ्यावेत काय?" दुसरीकडे औषधनिर्मात्यांकडे येणारा जाहिरातदार सुचवितो की, आपल्या लोहभस्माच्या वेष्टनावर 'नॅनो औषध' असे छापावे, कारण आधुनिक शास्त्रानेच लोहाचे नॅनोकण सुरक्षित ठरविले आहेत. वरवर पाहता या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध दिसत नाही. तथापि आधुनिक वैद्यकातील एका संशोधनशाखेत त्या एकत्र येतात. मूलपेशी म्हणजेच स्टेम सेल शरीरात सोडण्यापूर्वी त्यांना चुंबकीय लोहकणांची खूण करणे आणि नंतर एम.आर.आय. यंत्राने त्यांचा माग काढणे, ही ती शाखा होय.

या कणांच्या सुरक्षिततेविषयी सुमारे तीन दशकांत बरेच ज्ञान संचित झाले आहे. लोह सुरक्षित की असुरक्षित, असे एका शब्दाचे उत्तर त्यातून मिळत नाही. द्रव्य कोणत्या मात्रेत, कोणत्या आवरणात, कोणत्या मार्गाने आणि कोणत्या स्थानी गेले, यावर उत्तर अवलंबून असते. हा विचार वैद्यांना नवा नाही. परंतु तो येथे नेमका कसा लागू पडतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

लोहकणांचे स्वरूप

या कामासाठी वापरले जाणारे कण शुद्ध लोहाचे नसून लोहाच्या ऑक्साइडचे असतात. मुख्यतः मॅग्नेटाइट आणि मॅग्हेमाइट या दोन प्रकारांचे. त्यांचा गाभा साधारणतः ५ ते १५ नॅनोमीटर एवढा असतो. एक मिलिमीटरचे दहा लाख भाग केले असता त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. गाभ्याभोवती डेक्स्ट्रान किंवा तत्सम शर्करावर्गीय द्रव्याचे आवरण असते. आवरणासह कणांचा किंवा कणसमूहाचा व्यास काही प्रकारांत ३० नॅनोमीटर, तर काहींत १०० नॅनोमीटरहून अधिक भरतो.

एवढ्या सूक्ष्म आकारात लोहाचा चुंबकीय स्वभाव पालटतो. बाहेरील चुंबकीय क्षेत्र असेपर्यंत कण तीव्रतेने चुंबकित होतात आणि क्षेत्र दूर होताच त्यांचे चुंबकत्व नाहीसे होते. त्यामुळे ते एकमेकांना चिकटून गुठळी करीत नाहीत. एम.आर.आय. यंत्राच्या क्षेत्रात मात्र ते आपल्या सभोवतालच्या पाण्याच्या संकेतात बिघाड करतात आणि चित्रात त्या ठिकाणी काळी सावली उमटते. संशोधक याच सावलीचा माग काढतात.

हे कण प्रथम यकृताच्या परीक्षणासाठी औषध म्हणून आले. 'फेरिडेक्स' या नावाच्या द्रव्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९६ मध्ये मान्यता दिली. शिरेतून दिल्यावर यकृतातील भक्षकपेशी हे कण गिळत, यकृताचा निरोगी भाग काळा दिसे आणि अर्बुदाचा भाग उजळ राही. मूलपेशींचे संशोधन करणाऱ्यांनी हेच तयार औषध प्रयोगशाळेत पेशींना 'खाऊ घालण्यास' आरंभ केला. यकृतासाठी मान्य झालेले द्रव्य पेशींच्या खुणेसाठी वापरले गेले, ही बाब ध्यानात ठेवावी. कारण एका उपयोगासाठी सिद्ध झालेली सुरक्षितता दुसऱ्या उपयोगास आपोआप लागू होत नाही.

मात्रेचा हिशेब

खूण केलेल्या एका मूलपेशीत साधारणतः १० ते ३० पिकोग्रॅम लोह शिरते. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लक्ष कोटीवा अंश. एका पेशीत २० पिकोग्रॅम लोह धरले आणि रुग्णास १ कोटी पेशी दिल्या असे मानले, तर एकूण लोह केवळ ०.२ मिलिग्रॅम होते. १० कोटी पेशी दिल्या तरी ते २ मिलिग्रॅमच्या पुढे जात नाही. प्रौढ मनुष्याच्या शरीरात एकूण लोह ३ ते ४ ग्रॅम असते आणि रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. या तुलनेत खुणेचे लोह नगण्य आहे.

'लोहकण सुरक्षित आहेत' असा दावा करणारे बहुधा हाच हिशेब पुढे करतात. तो चूक नाही, पण अपुरा आहे. संपूर्ण देहाच्या दृष्टीने नगण्य असलेली मात्रा एका पेशीच्या दृष्टीने मोठी असू शकते. म्हणून सुरक्षिततेचा प्रश्न दोन पातळ्यांवर विचारावा लागतो : रुग्णाच्या देहास अपाय होतो काय, आणि ज्या पेशीवर उपचाराची भिस्त आहे त्या पेशीस अपाय होतो काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आश्वासक आहे. दुसऱ्याचे उत्तर सशर्त आहे.

पेशीच्या अंतर्भागी काय घडते

पेशी हे कण आत घेते तेव्हा ते लायसोसोम नावाच्या पिशव्यांत साठतात. पेशीतील पचनाची ही कोठारेच होत. तेथील माध्यम आम्ल असते. त्या आम्लात आवरण हळूहळू विरघळते, गाभा झिजतो आणि मुक्त लोह बाहेर पडू लागते. हे लोह पेशीने फेरिटिन या प्रथिनात बंदिस्त केले तर हानी होत नाही. परंतु पेशीच्या क्षमतेपेक्षा अधिक लोह एकाच वेळी मोकळे झाले, तर हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याची अभिक्रिया होऊन अत्यंत दाहक असे मुक्तमूलक निर्माण होतात. फेंटन या रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ही अभिक्रिया ओळखली जाते. तिचा मूळ अभ्यास १८९४ मधील आहे. अशा मूलकांमुळे पेशीच्या आवरणातील स्नेहद्रव्ये, प्रथिने व जनुकद्रव्य यांना इजा पोहोचते. लोहावर अवलंबून असलेल्या पेशीमृत्यूच्या एका स्वतंत्र प्रकारास २०१२ मध्ये 'फेरॉप्टोसिस' असे नाव मिळाले.

कणांचे आवरण हा दुसरा मुद्दा होय. डेक्स्ट्रानवेष्टित कण बहुतेक मूलपेशी स्वतःहून पुरेसे गिळत नाहीत, म्हणून त्यांना आत ढकलण्यासाठी वाहक द्रव्य लागते. आरंभी पॉलिलायसिन हे धनभारित द्रव्य वापरीत. अधिक मात्रेत ते स्वतःच पेशींना विषारी ठरते. पुढे २००४ च्या सुमारास प्रोटामिन सल्फेटचा उपयोग सुरू झाला. हे द्रव्य हेपॅरिनचा उतारा म्हणून पूर्वीपासून रुग्णालयांत वापरात होते, त्यामुळे ते अधिक स्वीकारार्ह वाटले. येथे 'अनुपान' या संकल्पनेची आठवण होणे स्वाभाविक आहे : द्रव्य तेच, परंतु सोबत काय दिले यावर परिणाम पालटतो. साम्य एवढेच आहे; त्यापलीकडे ते ताणू नये.

सुरक्षिततेच्या चार कसोट्या

पहिली कसोटी : पेशी जिवंत राहते काय? योग्य मात्रेत खूण केलेल्या बहुतेक मूलपेशी प्रयोगशाळेत जिवंत राहतात व विभाजन पावतात, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. मात्रा वाढविल्यास किंवा खुणेचा काळ लांबविल्यास जीवितक्षमता घटते.

दुसरी कसोटी : पेशी आपले कार्य करते काय? केवळ जिवंत राहणे पुरेसे नाही. सांध्यातील कूर्चा भरून यावी म्हणून दिलेली पेशी कूर्चा निर्माण करीत नसेल, तर ती जिवंत असूनही व्यर्थ होय. २००४ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फेरिडेक्स व पॉलिलायसिन यांनी खूण केलेल्या मूलपेशींपासून मेद व अस्थी यांच्या पेशी तयार झाल्या, परंतु कूर्चेच्या पेशी तयार होण्यास अडथळा आला. पुढच्याच वर्षी प्रोटामिन वापरून केलेल्या अन्य अभ्यासात असा अडथळा आढळला नाही. नंतरच्या कामातून लोहाची मात्रा वाढेल तसा कूर्चानिर्मितीवर परिणाम होऊ शकतो, असेही दिसले. या परस्परविरोधी भासणाऱ्या निष्कर्षांतून बोध मिळतो तो असा की, एका पेशीप्रकारासाठी, एका मात्रेत व एका वाहकाबरोबर सिद्ध झालेली सुरक्षितता दुसरीकडे गृहीत धरता येत नाही.

तिसरी कसोटी : लोहाचे पुढे काय होते? कण झिजून सुटलेले लोह शरीराच्या नेहमीच्या लोहसाठ्यात मिसळते आणि कालांतराने रक्तरंजक द्रव्याच्या निर्मितीतही वापरले जाते, हे प्राण्यांवरील अभ्यासांत दिसले आहे. मात्र अतिरिक्त लोह बाहेर टाकण्याचा स्वतंत्र मार्ग मानवी शरीराजवळ नाही. ज्याच्या शरीरात आधीच लोहाचा संचय आहे, अशा रुग्णाचा विचार निराळा करावा लागतो.

चौथी कसोटी : जे दिसते ते खरे काय? सुरक्षिततेच्या चर्चेत ही कसोटी बहुधा विसरली जाते, वस्तुतः रुग्णाच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे.

सावली आणि पेशी : अनुमानाचा दोष

एम.आर.आय. चित्रात काळी सावली दिसली की तेथे मूलपेशी आहे, असे अनुमान केले जाते. प्रत्यक्ष मात्र केवळ लोहाच्या परिणामाचे असते, पेशीचे नसते. सावली हा हेतू, जिवंत पेशी हे साध्य. धुरावरून अग्नीचे अनुमान ज्या व्याप्तीवर उभे असते तशी व्याप्ती येथे आहे काय? नाही. कारण पेशी मेली तरी लोह मागे राहते. मृत पेशीचे अवशेष भक्षकपेशी गिळतात, लोह त्यांच्या पोटात जाते आणि सावली होती तशीच राहते. शिवाय पूर्वीच्या रक्तस्रावाचे लोह ऊतींत साठलेले असले तरी तशीच सावली उमटते. न्यायशास्त्र ज्यास सव्यभिचार हेतू म्हणते, त्याचे हे उत्तम उदाहरण होय.

ही केवळ तार्किक शंका नव्हे. २००८ मध्ये 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंदरांच्या हृदयात खूण केलेल्या मूलपेशी सोडण्यात आल्या. तीन आठवड्यांनी सावली कायम होती. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली पाहता लोह मुख्यतः भक्षकपेशींत आढळले. एम.आर.आय. पाहून पेशी जगल्या असे म्हणणाऱ्याने जगलेल्या पेशींची संख्या अवास्तव फुगवून सांगितली असती.

याच्या उलट दोषही संभवतो. पेशी विभाजन पावते तेव्हा आतील लोह दोन पेशींत वाटले जाते. पाच विभाजनांनंतर प्रत्येक पेशीत मूळच्या ३२ व्या हिश्शाएवढेच लोह उरते. म्हणजे पेशी उत्तम वाढत असेल तर सावली फिकट होते, आणि पेशी मृत होऊन एका जागी पडली तर सावली गडद राहते! वाढीची खूण आणि ऱ्हासाची खूण यांची अशी अदलाबदल होत असेल, तर केवळ चित्र दाखवून रुग्णास आश्वासन देणे किती धोक्याचे आहे, हे निराळे सांगावयास नको.

मानवी अनुभव

मनुष्यावरील अनुभव मर्यादित आहे, पण बोधप्रद आहे. नेदरलँड्समधील नायमेखेन येथील संशोधकांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगाच्या ८ रुग्णांना लोहकणांकित प्रतिकारपेशी लसीच्या स्वरूपात लसिकाग्रंथीत टोचण्यात आल्या. सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली टोचूनही केवळ ४ रुग्णांत पेशी नेमक्या ग्रंथीत पोहोचल्या होत्या, असे एम.आर.आय. मुळे उघड झाले. या पेशी मूलपेशी नव्हत्या, तथापि खुणेचा खरा उपयोग कोठे आहे हे या अभ्यासाने दाखविले : पेशी जिवंत आहे की नाही हे खूण सांगत नाही, पण टोचल्याबरोबर ती योग्य जागी पडली की नाही हे विश्वसनीय रीतीने सांगते.

२००६ मध्ये चीनमधील शांघाय येथील वैद्यांनी मेंदूस इजा झालेल्या रुग्णांत त्यांच्याच चेतामूलपेशी लोहाची खूण करून सोडल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सावली काही आठवडे दिसत राहिली व पुढे विरली. ती विरली ती पेशी वाढल्यामुळे की अन्य कारणाने, हे चित्रावरून निश्चित करता आले नाही. २०१० मध्ये जेरुसलेम येथील गटाने बहुविध काठिण्य व चेतापेशींच्या ऱ्हासाच्या रुग्णांवरील अभ्यासात काही रुग्णांना अशाच खुणेच्या पेशी दिल्या. या छोट्या अभ्यासांत लोहकणांमुळे मोठा तात्काळ अपाय आढळला नाही. पण रुग्णसंख्या अल्प आणि निरीक्षणकाल मर्यादित असल्याने दीर्घकालीन निर्धोकता त्यावरून सिद्ध होत नाही.

दरम्यान फेरिडेक्सचे उत्पादन २००८ मध्ये थांबले. त्यामागे मुख्यतः व्यापारी कारण होते. त्यामुळे संशोधकांचे लक्ष फेरुमॉक्सिटॉल या द्रव्याकडे वळले. मूत्रपिंडाच्या जीर्ण विकारातील पांडुरोगासाठी शिरेतून देण्याचे लोह म्हणून त्यास अमेरिकेत २००९ मध्ये मान्यता मिळाली. २०१२ मध्ये हेपॅरिन व प्रोटामिन यांच्यासह त्याचा संयोग करून पेशींना खूण करण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. मात्र शिरेतून देताना काही रुग्णांत तीव्र, क्वचित प्राणघातक असात्म्यप्रतिक्रिया घडल्याने २०१५ मध्ये अमेरिकेच्या प्रशासनाने त्यावर सर्वांत कडक स्वरूपाची सूचना छापण्यास लावली. ज्या द्रव्यास वर्षानुवर्षे निर्धोक मानले, त्याची सूचना व्यापक वापरानंतर बदलावी लागली. सतत नोंद ठेवण्याचे महत्त्व यातून कळते.

लोहभस्माशी तुलना : कोठवर योग्य?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. लोहभस्मात मुख्यतः लोहाचे ऑक्साइड असते आणि त्याचा काही अंश नॅनोमापात असतो, असे विविध परीक्षणांत आढळले आहे. एवढ्यावरून लोहभस्म व चुंबकीय नॅनोकण एकच, असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. तीन भेद ध्यानात घ्यावेत.

पहिला भेद मार्गाचा. भस्म मुखावाटे दिले जाते. जाठररसात त्याचा काही भाग विरघळतो आणि ग्रहणीच्या भागातून लोह शोषले जाते. या प्रवेशद्वारावर यकृतातून स्रवणाऱ्या हेप्सिडिन या द्रव्याचे नियंत्रण असते. शरीरास गरज नसेल तर दार बहुतांशी बंद राहते. शिरेतून किंवा थेट पेशीतून दिलेले लोह हा पहारा चुकवून आत जाते. म्हणून एका मार्गाची सुरक्षितता दुसऱ्या मार्गाची साक्ष होऊ शकत नाही.

दुसरा भेद एकसारखेपणाचा. प्रयोगशाळेतील कणांचा आकार, आवरण व विद्युतभार दर घाणीगणिक मोजला जातो. भस्मात सूक्ष्म कणांबरोबर मोठ्या कणांचे समूहही असतात, आणि पुटांची संख्या, भावनाद्रव्य व अग्नीचे प्रमाण यांनुसार स्वरूप पालटते.

तिसरा भेद परीक्षेचा. वारितर, रेखापूर्ण, अपुनर्भव व निरुत्थ या परीक्षा मारण पूर्ण झाले किंवा नाही हे दाखविण्यात समर्थ आहेत. त्यांचे मोल कमी लेखू नये. परंतु कणाचा नॅनोमाप मोजणे वा शिसे, पारद, सोमल यांचे अवांछित अंश शोधणे, हे त्यांचे प्रयोजन नाही. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू आढळल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि संपूर्ण शास्त्राकडे संशयाने पाहिले गेले. अशा वेळी परंपरागत परीक्षा व यांत्रिक परीक्षा या दोहोंची जोड देणे, यातच आपल्या शास्त्राचे हित आहे.

वैद्यांसाठी व्यावहारिक सूचना

१. मूलपेशी उपचाराविषयी विचारणाऱ्या रुग्णास उडवून लावू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तनिर्मितीच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण ठरावीक रक्तविकारांत मान्य आहे. अन्य व्याधींत मूलपेशींचा वापर केवळ नियमबद्ध संशोधनाचा भाग म्हणूनच व्हावयास हवा, हे त्यास सांगावे.

२. रुग्णाने विचारावयाचे प्रश्न त्यास लिहून द्यावेत : हे संशोधन भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीत नोंदलेले आहे काय? नैतिक समितीची मान्यता आहे काय? संशोधन म्हणून देत असलेल्या उपचाराचे पैसे का आकारले जात आहेत? पेशी जगल्याचा पुरावा कोणता?

३. 'चित्रात पेशी दिसत आहेत' असे कोणी सांगितल्यास ती लोहाची सावली आहे की पेशीच्या कार्याचा पुरावा आहे, हे विचारण्यास सुचवावे. रुग्णाची चाल, वेदना, बळ यांत काय फरक पडला, हीच अंतिम कसोटी.

४. पूर्वी शिरेतून फेरुमॉक्सिटॉल घेतलेल्या रुग्णाच्या एम.आर.आय. चित्रावर तीन महिन्यांपर्यंत परिणाम राहू शकतो. परदेशात उपचार घेऊन आलेल्या रुग्णास हा इतिहास क्ष-किरणतज्ज्ञास सांगावयास लावावे.

५. लोहकल्प देण्यापूर्वी प्रत्येक पांडुरोग लोहन्यूनतेचाच असतो असे गृहीत धरू नये. थॅलसेमियाच्या वा वारंवार रक्त चढविलेल्या सिकलसेलच्या रुग्णात लोहाचा संचय आधीच असतो. विदर्भातील व आदिवासी भागातील वैद्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे आणि फेरिटिनची तपासणी केल्याविना अशा रुग्णास लोहकल्प सुरू करू नयेत.

औषधनिर्मात्यांसाठी

ज्या घाणीचे कणमापन झालेले नाही, तिच्या वेष्टनावर 'नॅनो' हा शब्द छापू नये. मापन झाले असले तरी 'नॅनो' म्हणजे अधिक गुणकारी वा अधिक सुरक्षित, असा अर्थ त्यातून निघत नाही. वर सांगितलेल्या सर्व अभ्यासांचा इशारा नेमका उलट आहे : सूक्ष्मता वाढली की परीक्षेची जबाबदारीही वाढते. जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. नॅनो म्हणून औषध मांडू इच्छिणाऱ्याने ती प्रथम वाचावीत. प्रत्येक घाणीसाठी कच्च्या लोहाचा स्रोत, शोधनद्रव्ये, पुटसंख्या, परंपरागत परीक्षांचे निष्कर्ष आणि जड धातूंचा अहवाल एकाच नोंदपत्रात ठेवावा. तक्रार आली असता हेच पत्र निर्मात्याचे खरे संरक्षण करते.

उपसंहार

चुंबकीय लोहकणांचे संशोधन टाकाऊ नाही. पेशी योग्य जागी पडली किंवा नाही हे सांगण्याचे सामर्थ्य त्यात आहे आणि अल्प मात्रेत देहास त्यांचा मोठा अपाय दिसलेला नाही. मात्र खूण करणारे द्रव्य निर्धोक आहे म्हणून उपचार परिणामकारक आहे, असे सिद्ध होत नाही. तसेच आधुनिक कण एका मार्गाने निर्धोक आहेत म्हणून आपले भस्म निर्धोक आहे, असेही सिद्ध होत नाही. दोन्ही ठिकाणी दुसऱ्याच्या सिद्धीवर आपला दावा उभा केला जातो. द्रव्य, मात्रा, मार्ग, देह आणि काल यांचा एकत्र विचार करूनच औषधाचा निर्णय करावा, ही आपल्या शास्त्राची शिकवण आहे. ती इतरांच्या औषधास लावताना जेवढी कठोरपणे लावावी, तेवढीच आपल्या औषधासही लावावी.